क्रूझवर कॅमेरा ड्रोन न्यावा का? बाल्कनीतून उडवून जहाजाचा व्हिडिओ घेता येईल का?

बाल्कनीचा बेत आत्ताच सोडून द्या. जहाज चालू असो की धक्क्याला लागलेलं, मोठ्या क्रूझ कंपन्या प्रवाशांना त्यावरून ड्रोन उडवू देत नाहीत. न्यायचाच असेल तर तो वाटेतल्या बंदरांत उतरून जमिनीवरून उडवण्यासाठी. त्यामुळे न्यावा की नाही हे तुमच्या बंदरांच्या यादीवर ठरतं.

"पहाटे कोण बघतंय, दोन मिनिटांचं तर काम" असं वाटत असेल, तर नियम बाजूला ठेवून नुसतं गणित करा. जहाजाचा वेग २० नॉट धरला तर तो ताशी ३७ किलोमीटर, सेकंदाला साधारण १० मीटर. ड्रोन उपग्रहांच्या आधारे जमिनीच्या हिशोबाने एका जागी स्थिर राहतो. तुम्ही तो वर नेऊन रिमोटची काठी सोडली की तो तिथेच थांबतो आणि जहाज सेकंदाला १० मीटरने पुढे सरकतं. तो जहाजाच्या पुढच्या टोकाजवळ असला तर मागून येणारा मनोरा, दोरखंड किंवा अँटेना त्याला धडकते. मागच्या बाजूला असला तर तीन मिनिटांत जहाज जवळजवळ दोन किलोमीटर लांब गेलेलं असतं. डीजेआय कंपनीच्या मिनी ४ प्रो या छोट्या ड्रोनचा कमाल वेग सेकंदाला १६ मीटर, तोही स्पोर्ट मोड या सर्वात वेगवान सेटिंगमध्ये. समोरून सेकंदाला ६ मीटरचा वारा आला, आणि समुद्रावर तो काहीच नाही, की ड्रोन आणि जहाज यांचा वेग सारखा होतो. अंतर मग कमी होतच नाही.

संपर्क तुटला किंवा बॅटरी संपत आली की ड्रोन आपोआप 'होम पॉइंट'कडे परततो. होम पॉइंट म्हणजे उड्डाणाच्या क्षणी नोंदवलेले अक्षांश-रेखांश. तिथे आता फक्त पाणी असतं आणि ड्रोन निमूटपणे त्यावर उतरतो. होम पॉइंट मधेच बदलता येतो हे खरं, पण तुम्ही तो बदलेपर्यंत जहाज पुन्हा पुढे गेलेलं असतं. शिवाय पोलादी डेकमुळे कंपास चुकतो, जहाज डोलत असल्याने सेन्सरचं कॅलिब्रेशन नीट होत नाही, आणि ड्रोनच्या पोटाखालचे कॅमेरे हलत्या, चकाकत्या पाण्यावर गोंधळतात. थोडक्यात, अपघात झालाच नाही तर ते नशीब. खाली डेकवर माणसं असतात हे विसरू नका.

आता कंपन्यांचे नियम. ते तीन तऱ्हांचे असतात: ड्रोन केबिनमध्ये ठेवू देणारे, चढतानाच सुरक्षा विभागाकडे जमा करून घेऊन बंदरावर सही घेऊन परत देणारे, आणि जहाजावर आणूच न देणारे किंवा प्रवास संपेपर्यंत न देणारे. कंपनी तीच असली तरी हे बदलत राहतं, म्हणून बुकिंगच्या वेळी ईमेलने विचारा आणि आलेल्या उत्तराची छापील प्रत जवळ ठेवा. नेमके दोन प्रश्न विचारा: ड्रोन जमा करावा लागेल का, आणि बंदरावर उतरताना तो परत मिळेल का? दुसऱ्याचं उत्तर 'नाही' आलं तर तो घरीच बरा. चढताना ड्रोन हातातल्या बॅगेत ठेवा आणि स्कॅनरपाशी स्वतःहून सांगा. मोठ्या बॅगेत टाकला तर एक्स-रेत दिसल्यावर ती बॅग अडकते आणि संध्याकाळी तुम्ही कपड्यांशिवाय बसता. कंपनीच्या खासगी बेटावर तो उडवता येईल असंही गृहीत धरू नका. तिथेही बहुधा मनाईच असते.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो बंदरांच्या देशांना. मोरोक्को, इजिप्त आणि निकाराग्वा इथे पर्यटकाच्या ड्रोनला बंदी आहे आणि सीमाशुल्क अधिकारी तो जप्त करू शकतात. अशा बंदरावर ड्रोन जहाजावरच राहू द्या, खाली उतरवूही नका. युरोपियन युनियनमध्ये कॅमेरा असलेला ड्रोन २५० ग्रॅमपेक्षा हलका असला तरी चालकाची नोंदणी लागते. बाहेरच्या पाहुण्याने ती ज्या सदस्य देशात पहिल्यांदा उडवणार तिथे करायची. तीच इतर सदस्य देशांत, तसंच नॉर्वे आणि आइसलँडमध्ये चालते. मिळालेला क्रमांक ड्रोनवर चिकटवायचा. उंचीची मर्यादा १२० मीटर. जर्मनीत तृतीय पक्ष विमा (दुसऱ्याच्या नुकसानीसाठीचा) सक्तीचा आहे. ब्रिटनची नोंदणी पूर्ण वेगळी, आणि १ जानेवारी २०२६ पासून तिथे १०० ग्रॅमच्या पुढच्या ड्रोनसाठीही उडवणाऱ्याला परीक्षा देऊन ओळखक्रमांक घ्यावा लागतो.

अमेरिकेत २५० ग्रॅमवर नोंदणी लागते, हौशी उड्डाणासाठी 'ट्रस्ट' ही मोफत ऑनलाइन परीक्षा वजन कितीही असलं तरी द्यावी लागते, आणि राष्ट्रीय उद्यान सेवेच्या जागांवर २०१४ पासून ड्रोनला मनाई आहे. क्रूझचे प्रवासी नेमके इथे फसतात. अलास्कातला ग्लेशियर बे हे राष्ट्रीय उद्यानच आहे. प्वेर्तो रिकोच्या सान हुआनमध्ये जहाजातून उतरून चालत जाता येतो तो एल मोरो किल्लाही याच सेवेकडे आहे. समोरचं हिरवंगार मैदान ड्रोनसाठीच केल्यासारखं दिसतं, पण तिथून उडवणं बेकायदेशीर.

वजनाबद्दल एक सावधगिरी: २४९ ग्रॅमच्या ड्रोनला जास्त क्षमतेची बॅटरी किंवा पंख्यांचे गार्ड लावले की तो २५० ग्रॅमच्या वर जातो आणि हलक्या ड्रोनच्या सवलती संपतात.

धक्का आणि त्याचा परिसर हा सुरक्षा क्षेत्र असतो, आणि बऱ्याच बंदरांजवळ विमानतळही असतो. त्यामुळे त्या देशाच्या अधिकृत ड्रोन नकाशावर जागा आधी शोधून ठेवा आणि बंदरापासून लांब जा. फर्मवेअर (ड्रोनच्या आतलं सॉफ्टवेअर) आणि उड्डाणक्षेत्रांची माहिती घरीच अपडेट करा, ॲपमध्ये लॉगिन करून ठेवा, नकाशे डाउनलोड करा. लॉगिन नसेल तर डीजेआयचे बरेच ड्रोन ३० मीटर उंची आणि ५० मीटर अंतराच्या पुढे जात नाहीत, आणि जहाजावरचं इंटरनेट अशा वेळी दगा देतं. उड्डाण सकाळी करा. दुपारी समुद्राकडून वारा वाढतो; मिनीची वारा सोसायची मर्यादा सेकंदाला १०.७ मीटर आहे आणि ६० मीटर उंचीवरचा वारा खालच्यापेक्षा जोरात असतो. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जा, म्हणजे परतताना बॅटरी पुरते. वाळूवरून उडवू नका, मोटरमध्ये कण जातात. घडीचं लँडिंग पॅड वापरा. एसी केबिनमधून दमट हवेत आणल्यावर लेन्सवर वाफ धरते, म्हणून ड्रोन वीस-तीस मिनिटं बंद बॅगेतच राहू द्या. जहाज सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधी सगळ्यांना परत बोलावतात आणि ती वेळ जहाजाच्या घड्याळाची असते. मोबाइल स्थानिक वेळ पकडतो, तेव्हा साधं मनगटी घड्याळ लावा.

चार्जिंगसाठी एक्स्टेन्शन बोर्ड किंवा सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या अचानक उसळीपासून वाचवणारा बोर्ड) नेऊ नका, ते काढून घेतात. यात खोडसाळपणा नाही: जहाजाच्या वीजव्यवस्थेत बहुधा दोन्ही तारांत विजेचा दाब असतो, आणि घरगुती सर्ज प्रोटेक्टर त्यात तापून पेट घेऊ शकतो. ६५ वॉटचा यूएसबी-सी चार्जर आणि ड्रोनचा चार्जिंग हब पुरतो. हब बॅटऱ्या एकामागून एक भरतो, तेव्हा तिन्हींसाठी तीन तास धरा आणि तुम्ही केबिनमध्ये असतानाच लावा.

हरवल्याचा विमा घेणार असाल तर अटी वाचा. दुरुस्ती योजनेत सहसा खराब झालेला ड्रोन परत पाठवावा लागतो, आणि समुद्रात बुडालेला कुठून पाठवणार? बेपत्ता ड्रोनचं संरक्षण त्यात वेगळं लिहिलेलं हवं.

शेवटच्या रात्री बॅटऱ्या निम्म्यावर आणून ठेवा. ड्रोन जमा केलेला असेल तर तो कुठे आणि किती वाजता परत मिळणार हे आदल्या दिवशीच विचारा, कारण उतरायच्या सकाळी जमा वस्तू परत देण्याच्या खिडकीपुढे मोठी रांग लागते. पुढे विमान असेल तर सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच, टोकं झाकून. १०० वॉट-अवर (बॅटरीत मावणारी ऊर्जा) पर्यंतच्या सहसा परवानगीशिवाय चालतात. मिनीची साधी बॅटरी १९ वॉट-अवरची आणि डीजेआयच्याच मोठ्या मॅव्हिक ३ ची ७७ ची असते.