लिंबाच्या पानांवरच्या चंदेरी रेघा कोणाच्या?

नागपुरात गच्चीवरच्या कुंडीतल्या लिंबाच्या कोवळ्या पानांवर चंदेरी, नागमोडी रेघा उमटल्यात. हे काम गोगलगाईचं की झाड हलवल्यावर उडणाऱ्या पांढऱ्या किड्यांचं, असं तुम्ही विचारलंय. दोघांचंही नाही. गोगलगाईचा माग बोटाने पुसला जातो. ही रेघ पुसून बघा, जाणार नाही, कारण ती पानाच्या सालीखाली आहे. आणि हलवल्यावर भुर्रकन उडते ती पांढरी माशी.

हा उद्योग एका इवल्याशा पतंगाच्या अळीचा. काटोल-नरखेडकडचे संत्रावाले तिला नागअळी म्हणतात. शास्त्रीय नाव फायलोक्निस्टिस सिट्रेला. स्टेनटन या इंग्रज अभ्यासकाने 1856 मध्ये कलकत्त्याच्या नमुन्यांवरून तिचं वर्णन केलं. म्हणजे पतंग आपल्याच भागातला; अमेरिकेत फ्लोरिडाला तो पोचला थेट 1993 मध्ये, आणि तिथल्या बागाईतदारांची पार झोप उडवली.

पतंग सहसा नजरेस पडत नाही. बसलेला असताना तांदळाच्या दाण्याहून लहान, पंख पसरले तरी जेमतेम चार-पाच मिलिमीटर. पंख रुपेरी पांढरे, त्यावर तपकिरी रेघोट्या, कडेला केसांची झालर आणि पुढच्या पंखाच्या टोकाला एक ठसठशीत काळा ठिपका. भिंगातून तो ठिपका दिसला की ओळख पक्की. दिवसभर पानांआड दडून बसतो, फिरतो तो तिन्हीसांजेला आणि पहाटे.

मादी कोवळ्या नवतीवर, म्हणजे नव्या पालवीवर, सुटं सुटं अंडं घालते, बहुधा पानाच्या खालच्या बाजूला. अळी अंड्यातून निघते ती सरळ पानाच्या सालीखाली शिरते आणि तिथूनच रस खात पुढे सरकते. पान उजेडासमोर धरा: रेघेच्या मधोमध एक बारीक काळसर धागा दिसेल, ती तिची विष्ठा. रेघेच्या टोकाला चपटी, फिकट पिवळी, बिनपायाची अळी असेल. वाढ झाली की ती पानाची कड दुमडून आत कोष करते. तुमच्या पानांच्या कडा मुडपल्यात त्या म्हणूनच.

जून झालेल्या पानाला ती शिवत नाही. म्हणून मोठं झाड हे सहज सोसतं. खरा त्रास कलमांना, रोपवाटिकेला आणि पावसाळ्यातल्या नवतीला. वरून कागदी लिंबावर या जखमांतून खैऱ्या रोगाचे (सिट्रस कँकरचे) जिवाणू आत घुसतात, ते अळीपेक्षा वाईट.

रेघा पडलेली पानं खुडत बसू नका, हिरवी आहेत तोवर ती झाडाला अन्न पुरवतात. युरिया आवरा, पानसोट, म्हणजे सरळसोट वाढणारे बिनफळाचे फुटवे, काढून टाका. नवी पालवी बोटभर असतानाच निंबोळी अर्क फवारा, संध्याकाळी, पानाच्या दोन्ही बाजूंनी. अळी आत शिरल्यावर फवारलंत तर तिच्या अंगाला तो लागतच नाही.