व्यायामाचा रकाना वेगळा ठेव

प्रिय मित्रा,

वजन उतरवण्याच्या खटपटीचे तू पाठवलेले दोन महिन्यांचे आकडे नीट पाहिले. जेवणाची नोंद बरी आहे. नाशिकच्या गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर आठवड्यातल्या पाच सकाळी चालणंही चुकवलेलं नाहीस. तरी वजनाचा काटा ८६ वरच अडून बसलाय. व्यायाम कॅलरी मोजायच्या ॲपमध्ये लिहायचा की नाही, असं विचारलंयस. लिही, पण कॅलरीत लिहू नकोस, आणि त्या कॅलरी ताटात तर मुळीच घेऊ नकोस.

का, ते तुझ्याच हिशेबात दिसतं. वय २९, उंची १७२ सेंटीमीटर, वजन ८६ किलो. विश्रांतीत शरीर किती जाळतं ते काढायला बहुतेक ॲप १९९० चं मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र वापरतात. वजनाची दहापट ८६०, उंचीची सव्वासहापट १०७५, त्यातून वयाची पाचपट म्हणजे १४५ वजा, आणि पुरुषासाठी वर ५ (बाईसाठी १६१ वजा करायचे). आले १७९५. दिवसभर नुसता पडून राहिलास तरी शरीर एवढं जाळतं. अंबडला तुझं काम खुर्चीवरचं, म्हणून १.२ ने गुणायचं, म्हणजे २१५४. तू मात्र ॲपला 'थोडा सक्रिय' असं सांगितलंस. त्याचा गुणक १.३७५, म्हणजे २४६८. तसं का सांगितलंस? सकाळी चालतोस म्हणून. इथे चालणं एकदा धरलं गेलं.

वजन उतरावं म्हणून त्यातून ५०० कमी करून ॲपने तुला खायला १९६८ दिले. मग मनगटावरच्या स्मार्ट घड्याळाने दर चालण्याचे ४१० वर जोडले, 'उरलेल्या कॅलरी' असं हिरव्या अक्षरांत दिसलं, आणि तू त्या खाल्ल्यास. पाच दिवसांचे ४१० आठवड्यावर पसरले की रोजचे २९३ होतात. म्हणजे तू सरासरी २२६१ खात होतास, आणि तेही अगदी नियम पाळून.

आता खरा खर्च बघ. तासाला पाच किलोमीटर या वेगाने चालताना शरीर बसल्याच्या साडेतीनपट जाळतं. बसल्या वेळेला दर किलोला तासाला एक कॅलरी धरतात. ८६ गुणिले साडेतीन म्हणजे ३०० च्या आसपास. पण यातल्या ८६ तू त्या तासात घरी बसला असतास तरी गेल्याच असत्या, आणि त्या २१५४ मध्ये आधीच मोजल्यात. चालण्याची खरी कमाई २१५. पाच दिवसांची ती कमाई सात दिवसांवर पसरली की १५४. तुझा दिवसाचा खर्च झाला २३०८, आणि खाणं २२६१. तूट ४७ कॅलरींची. एक किलो चरबीला साधारण ७७०० कॅलरी धरल्या तर महिन्याला २०० ग्रॅमही उतरत नाहीत. रात्री पापड-लोणचं जास्त झालं तरी सकाळी काट्यावर यापेक्षा मोठा फरक दिसतो. तू आळशी नाहीस की तुझं शरीर वेगळं नाही. एकच चालणं दोनदा लिहिलं गेलं, आणि दुसऱ्यांदा लिहिताना जवळपास दुप्पट.

घड्याळावर फार राग काढू नकोस, पण ते काय मोजतं एवढं माहीत असू दे. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी मनगटावरची सात यंत्रं तपासली. हृदयाचे ठोके सातांपैकी सहांनी ५ टक्क्यांच्या आत बरोबर सांगितले. कॅलरींमध्ये सगळ्यांत चांगल्या यंत्राची सरासरी चूक २७ टक्के होती, आणि सगळ्यांत वाईटाची ९३ टक्के. घड्याळाला कॅलरी दिसतच नाहीत. ते ठोके आणि हाताची हालचाल बघून अंदाज बांधतं. एप्रिलच्या उन्हात, चहा पिऊन किंवा अर्धवट झोपेत चाललास तर ठोके वाढतात, जळणं तेवढंच राहतं. वजनं उचलताना तर ठोके आणि खर्च यांचा मेळ आणखीच सुटतो. खड्ड्यांतून गाडी चालवतानाही काही घड्याळं पावलं मोजतात, ते वेगळंच. फोन आणि घड्याळ दोन्ही एकाच ॲपला जोडले असतील तर आजच सेटिंग उघडून बघ. पावलं एकाकडून आणि 'वर्कआउट' दुसऱ्याकडून येत असेल, तर तोच तास पुन्हा दोनदा पडतोय.

म्हणून दोनांपैकी एकच पद्धत धर. पहिली अशी की व्यायामासकट सरासरी गुणक निवडायचा आणि पुढे व्यायामाची एकही कॅलरी जोडायची नाही. दुसरी म्हणजे १.२ वर राहायचं आणि प्रत्येक व्यायामाची निव्वळ कमाई, म्हणजे बसल्या वेळेच्या कॅलरी वजा करून, हाताने लिहायची. ज्याची शिफ्ट, कामाचे दिवस, खेळ सारखे बदलतात त्याला दुसरी ठीक. तुझा आठवडा एकसारखा आहे, तुला पहिलीच सोयीची. गुणक मात्र १.३७५ नको. तुझं पाच दिवसांचं चालणं २१५४ ला जेमतेम २३०० पर्यंत नेतं, म्हणून १.२८ च्या जवळ. ॲप असा मधला आकडा घेत नसेल तर रोजचं लक्ष्य स्वतःच १८०० लिही आणि घड्याळाची जोडणी तोड.

मग व्यायाम कुठे लिहायचा? साध्या वहीत. तारीख, सकाळचं वजन, खाल्लेल्या कॅलरी, आणि चौथ्या रकान्यात केलेलं काम: '५.२ किमी, ५८ मिनिटं', 'डंबेल १० किलो, १२ चे ३ सेट'. कॅलरी नाही. या रकान्याचा उपयोग वेगळा आहे. तोच ट्रॅक, तेवढेच फेरे, पण ५८ ची ६४ मिनिटं व्हायला लागली, झोप उडाली, घरच्यांवर विनाकारण चिडचिड होऊ लागली, तर तूट जास्त झालीय. तेव्हा दिवसाला २०० वाढव. ४१० चा आकडा पाहून हे तुला कधीच कळलं नसतं.

वजन रोज घे, उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी. पण विश्वास फक्त सात दिवसांच्या सरासरीवर ठेव. पहिल्या आठवड्यात झपकन किलोभर उतरेल. ते बहुतेक पाणी असतं, कारण शरीरातल्या साठवणीच्या साखरेच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं आणि जेवण कमी झालं की दोन्ही जातात. उलट, नव्याने वजनं उचलायला लागलास की दुखऱ्या स्नायूंमध्ये पाणी साठतं आणि आठ-पंधरा दिवस काटा वर जातो. बरेच जण नेमके इथेच सोडून देतात.

तेव्हा पहिले दोन आठवडे हिशेबात धरू नकोस. त्यापुढचे २८ दिवस घे. समज, सरासरी खाणं १८५० झालं आणि साप्ताहिक सरासरी वजन १.४ किलोने उतरलं. १.४ गुणिले ७७०० म्हणजे १०,७८०, भागिले २८, म्हणजे रोजची ३८५ ची तूट. १८५० अधिक ३८५, तुझा खरा खर्च २२३५. सूत्र २३०८ म्हणत होतं, घड्याळ त्याहून बरंच वर. हा आकडा तुझ्या शरीराने दिलेला आहे. तुझं चालणं, दुपारची डुलकी, मोजताना झालेल्या चुका, सगळं त्यात आलं. पुढचे महिने यावरूनच लक्ष्य ठरव, आणि चार-पाच किलो उतरले की पुन्हा काढ. हलकं शरीर कमी जाळतं.

'निव्वळ' आकडा काढायचाच झाला तर दोन ठोकताळे पुरतात. सपाटीवर चालताना दर किलोमीटरला वजनाच्या दर किलोमागे अर्धी कॅलरी. चढताना, दर १०० मीटर उंचीला दर किलोमागे वर एक कॅलरी. पांडवलेणीच्या पायऱ्या दमवतात म्हणून पुष्कळ जळतं असं वाटतं, पण १०० मीटर चढून तुझ्या ८६ च जातील.

मोठा दिवस मात्र अपवाद. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी धरलीस तर वीसेक किलोमीटरचे ८५०-९०० होतात. त्या दिवशी नेहमीच्या १८०० वर राहू नकोस. त्यातले निम्मे तरी, म्हणजे साडेचारशे, १८०० च्या वर खा, आणि चालताना खा, घरी पोहोचल्यावर नव्हे. रिकाम्या पोटी पूर्ण फेरी मारून रात्री साबुदाणा खिचडीच्या तीन बशा उडवण्यापेक्षा वाटेत दोन केळी आणि शेंगदाण्याचा लाडू बरा. दीड तासापेक्षा जास्त चालणारं काहीही, लांबची सायकल किंवा अंजनेरीचा डोंगर, याच नियमात बसव. तासाभराचं रोजचं चालणं बसवू नकोस. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्या माणसाने मात्र हा हिशेब डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. खाणं कमी आणि चालणं जास्त झालं की अशा माणसाची रक्तातली साखर अचानक खाली जाऊ शकते.

चुकीची खरी खाण चालण्यात नाहीच, तेलात आहे. तू भाजीची एक वाटी ८० लिहितोस. घरी चौघांत महिन्याला चार लिटर तेल संपतं असं म्हणालास. लिटरला सुमारे ८२०० कॅलरी, म्हणजे माणशी रोज २७० च्या वर. तुझ्या नोंदीत ते कुठेच नाही. तळणीचं उरलेलं थोडं टाकलं जात असेल, ते सोड, तरी चालण्याची पूर्ण कमाई तिथेच गेली. दोन आठवडे तेलाची बाटली स्वयंपाकाआधी आणि नंतर काट्यावर ठेवून बघ. आईला आधी सांग मात्र, नाहीतर तिला वाटेल तू तिच्या हाताची तपासणी करतोयस.

आणि रविवारची मिसळ. ५० ग्रॅम फरसाणाचे २७०, मटकीचे १००, दोन पावांचे २५०, तर्रीत तरंगणाऱ्या २० ग्रॅम तेलाचे १८०. झाले ८००, आणि पापड, दही, जिलबी अजून यायचीत. बंद करू नकोस. त्या दिवशी सकाळी चाललास म्हणून तिसरा पाव मागवायचा नाही, एवढंच. रस्सा पुन्हा घेतलास तर तर्री बाजूला करून घे, आणि वहीत 'मिसळ १ प्लेट' असं न लिहिता पाव किती आणि रस्सा किती वेळा ते लिही. सहा आठवड्यांनी वही पाठव.

कळावे.