खेळाडू कथेबाहेर गेले, तर डन्जन मास्टरने काय करावे?

पुढच्या शनिवारी मित्रांसाठी तुम्ही पहिल्यांदाच 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ चालवणार आहात, म्हणजे डन्जन मास्टर म्हणून जग आणि प्रसंग तुम्ही सांगणार आणि मित्र त्यातली एकेक पात्रे होऊन काय करायचे ते ठरवणार. त्यासाठी चाळीस पानांची कथा लिहून तयार आहे, आणि खेळाडू त्या कथेबाहेर गेले तर त्यांना परत कसे आणावे, असा तुमचा प्रश्न आहे. माझे उत्तर असे की, त्यांना परत आणू नये. चाळीस पाने लिहिण्यामागची तुमची आस्था मला पूर्ण समजते, कारण सात वर्षांपूर्वी मीही अशीच तयारी करून बसलो होतो.

माझ्या त्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक बैठकींत चालणाऱ्या कथेत, एका किल्ल्यात एक व्यापारी ओलीस होता आणि खेळाडूंनी भुयारातून आत शिरावे म्हणून मी भुयाराची बारा पाने लिहिली होती. नदीकाठी पोहोचल्यावर एका खेळाडूने सहज विचारले की, या किल्ल्याला धान्य कोण पुरवतो. मी म्हणालो, एक नावाडी. मग धान्याच्या पोत्यांत लपून आत जायचे, असे चौघांनी ठरवले. मी आधी नावाड्याला नकार द्यायला लावला. त्यांनी पैसे वाढवले. मग मी नावेला भोक पडल्याचे सांगितले. ते नाव दुरुस्त करायला तयार झाले. शेवटी मी काठावर पहारेकरी आणून उभे केले. तेव्हा जिने धान्याचा प्रश्न विचारला होता, तिने आपला वीस बाजूंचा फासा उचलून डबीत ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "मग तूच सांग ना, आम्ही कुठून जायचं ते." त्यानंतरचे दोन तास आम्ही भुयारात काढले, पण खेळ असा झालाच नाही.

या खेळाचा उगमच मुळी कुणाच्या तरी योजनेबाहेर गेलेल्या खेळाडूंत आहे. 1960च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेसेली या युद्धखेळांच्या शौकिनाने नेपोलियनच्या काळातील एका काल्पनिक जर्मन गावाचा डाव मांडला आणि केवळ सैन्ये न देता प्रत्येक खेळाडूला गावातील एकेक व्यक्ती आणि तिचे स्वतःचे उद्दिष्ट दिले. खेळाडू एकमेकांशी गुपचूप बोलू लागले, सौदे करू लागले आणि आखलेला डाव पार विस्कटला. वेसेलींना तो फसला असेच वाटले. खेळाडूंनी मात्र पुन्हा तसाच डाव मांडण्याचा आग्रह धरला. त्या मंडळींपैकी डेव्ह आर्नेसन यांनी ती पद्धत पुढे ब्लॅकमूर या आपल्या काल्पनिक जगात नेली, आणि गॅरी गायगॅक्स यांच्यासोबत त्यांनी केलेले 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' 1974 साली प्रसिद्ध झाले. मला हा इतिहास फार मोलाचा वाटतो, कारण ज्या गोष्टीची तुम्हाला आज धास्ती वाटते आहे, तिच्यासाठीच लोक या टेबलाशी येऊन बसतात.

म्हणून कथा नव्हे, परिस्थिती तयार करावी. त्या किल्ल्यासाठी आज मी एकच पान लिहीन: किल्लेदाराला व्यापाऱ्याकडून काय हवे आहे, त्याच्या माणसांपैकी कोण नाराज आहे, आत जाण्याच्या कोणत्या वाटा आहेत आणि प्रत्येक वाटेवर कोण भेटते, आणि कुणीच काही केले नाही तर तिसऱ्या दिवशी काय घडेल. एवढे ठाऊक असले की खेळाडू भुयारातून आले काय किंवा पोत्यातून आले काय, किल्लेदार कसा वागेल हे तुम्हाला तिथल्या तिथे ठरवता येते, आणि ते उत्तर प्रामाणिक असते. तुमच्या चाळीस पानांतली माणसे, ठिकाणे आणि गुपिते जपून ठेवा. फक्त "मग खेळाडू असे करतात" अशी वाक्ये काढून टाका.

फाशांबाबत एक हिशेब मात्र नीट समजून घ्यावा. खेळाच्या पाचव्या आवृत्तीत मध्यम अवघड कामाची डीसी, म्हणजे यशासाठी गाठायचा आकडा, 15 असते. पात्राच्या कौशल्यामुळे फाशाच्या आकड्यात 3 मिळवले जात असतील, तर वीस बाजूंच्या फाशावर 12 किंवा त्याहून जास्त पडावे लागते, म्हणजे यशाची शक्यता 45 टक्के. आता पुढचा सगळा प्रवास ज्या पत्रावर अवलंबून आहे, ते पत्र तुम्ही अशा एकाच तपासामागे लपवले, तर निम्म्याहून अधिक वेळा खेळ तिथेच अडकेल. तीच माहिती तीन वेगळ्या ठिकाणी ठेवली आणि खेळाडू तिन्हीकडे गेले, तर तिन्ही वेळा हुकण्याची शक्यता सुमारे 17 टक्क्यांवर येते. त्याहून चांगले म्हणजे, हुकल्यावर काय होईल हे फासा टाकण्यापूर्वी ठरवावे: पत्र सापडते, पण बाहेर पावले वाजू लागतात. हुकण्यातून काहीच घडणार नसेल, तर फासा टाकायला सांगूच नये.

नियमांची फार काळजी करू नका. मूलभूत नियम इंटरनेटवर विनामूल्य मिळतात आणि एखादा नियम आठवला नाही तर त्या क्षणी न्याय्य वाटेल ते ठरवून पुढे जावे, नंतर पुस्तक पाहावे. खेळ सुरू करण्याआधी मात्र दहा-पंधरा मिनिटे काढून, कुणाला कोणते विषय टेबलावर नकोत, हे सर्वांना विचारावे.

आणि शनिवारी जाताना एका कागदावर वीस नावे लिहून न्यावीत. खेळाडू नावाड्याला किंवा सराईतल्या पोऱ्याला नक्की नाव विचारतील. तुम्ही तिथे अडखळलात, तर हे पात्र तुमच्या तयारीत नव्हते हे त्यांना लगेच कळते आणि ते त्याच्याकडे पाठ फिरवतात. नाव चटकन सांगितलेत, तर ते त्याच्याशी बोलत राहतात. नाव वापरले की त्यासमोर तो कोण, हे दोन शब्दांत टिपून ठेवा, कारण पुढच्या सेशनला ते नेमके त्यालाच शोधत येतील.