जाऊबाईंच्या रूपाने सैतान घरात आला आहे का?

प्रश्न : आदरणीय पाळकसाहेब, सप्रेम सलाम. सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांचे सगळे करणे माझ्याकडे आले आहे. धाकटी जाऊ परिचारिका आहे. ड्युटीचे कारण सांगून ती रात्रीच्या जागरणातून अंग काढून घेते. गेल्या महिन्यात पाहुण्यांदेखत ती मला म्हणाली, ‘‘तुम्हाला घरी बसून दुसरे काम तरी काय आहे?’’ तेव्हापासून आमचे बोलणे बंद असून निरोप मुलांच्या तोंडी जातात. प्रार्थनागटातील भगिनी म्हणतात की हे आत्मिक युद्ध आहे, सैतान तिचा वापर करीत आहे, तेव्हा उपास करून त्याला बांधावे. मी तसे करते, पण मनाला शांती नाही. काय करावे?
— एक भगिनी, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : भगिनी, सलाम. घरातल्या भांडणाला आत्मिक बाजू असते, हे तुमच्या गटाचे म्हणणे खोटे नाही. मात्र ज्या वचनाच्या आधारे ते सांगितले जाते, तेच वचन त्यांच्या निष्कर्षाच्या आड येते. बायबलमधील इफिसकरांस पत्राच्या 6व्या अध्यायात प्रेषित पौल लिहितो की आपले झगडणे रक्तमांसाबरोबर नाही. तुमची जाऊ रक्तमांसाचीच आहे, तेव्हा तिला शत्रूच्या रांगेत बसवण्याची मुभा या वचनाने मिळत नाही. शिवाय पती-पत्नी, आईबाप-मुले आणि धनी-दास यांनी परस्परांशी कसे वागावे हे सांगून झाल्यावर लगेचच देवाच्या शस्त्रसामग्रीचा, म्हणजे सत्य, विश्वास अशी आत्मिक शस्त्रे धारण करण्याचा, उतारा येतो, हे आपण वाचताना सहसा विसरतो. सत्याने कंबर कसायची आहे ती याच चार भिंतींत.

त्याच पत्राच्या 4थ्या अध्यायात, रागात असताना सूर्य मावळू नये आणि सैतानाला वाव देऊ नये, या दोन आज्ञा लागून येतात. म्हणजे सैतानाला वाव मिळतो तो रागावलेल्याच्या मनात, आणि तुमच्या घरी हा सूर्य गेला महिनाभर तसाच मावळतो आहे. ‘‘काकूला सांग, आजीच्या गोळ्या संपल्या,’’ असे सांगताना आवाजाला जी धार येते ती मुलांना बरोबर कळते, आणि मुले आपापली बाजू धरू लागतात. जावेने पाहुण्यांदेखत काढलेले शब्द अपमानकारकच होते व त्यांचा राग येणे हे पाप नाही; पण तो राग असा मुलांच्या हाती देणे घातक आहे.

थोडे कटू लिहितो. ‘घरातील एका व्यक्तीचे कठीण मन मोडावे म्हणून प्रार्थना करा,’ अशी विनंती व्हॉट्सॲपच्या गटावर पडली की ती व्यक्ती कोण हे सगळ्यांना ठाऊक असते. अशा विनंतीत प्रार्थना किती आणि चहाडी किती, हे ज्याचे त्याने तपासावे. गटापुढे मांडायचेच असेल, तर स्वतःच्या थकव्यासाठी आणि संतापासाठी प्रार्थना मागा.

फिलिप्पै येथील मंडळीत युवदीया व सुंतुखे या दोघी भगिनींचे बिनसले होते. पौलाने कोण चूक हे लिहिलेले नाही. विनंती मात्र दोघींना वेगवेगळी केली, त्यांना साहाय्य करण्यास एका सहकाऱ्याला सांगितले आणि सुवार्तेच्या कामी त्यांनी आपल्याबरोबर श्रम केले, याची त्याच ओळीत आठवण दिली. दोघींपैकी एकीच्याही मागे सैतान लागला आहे, असे तो म्हणत नाही.

तेव्हा मत्तयाच्या शुभवर्तमानातील 18:15 या वचनाप्रमाणे आधी एकटीने जावेकडे जा. ती रात्रपाळीहून आल्या आल्या नको. तिची झोप झाल्यावर, सासूबाईंच्या खोलीबाहेर बसून बोला. तिचा स्वभाव आणि जुने हिशेब बाजूला ठेवून दोनच गोष्टी सांगा : ते शब्द मला लागले, आणि रात्रीचे जागरण मला एकटीला झेपत नाही. मग तिचेही ऐकून घ्या. परिचारिकेलाही घरी आल्यावर पुन्हा रुग्णसेवाच वाट्याला येते. तिने ऐकले नाही, तर दोघींना मानणारी एखादी वडीलधारी व्यक्ती मध्यस्थीला घ्या, पण ती या प्रार्थनागटातली नसावी.

(मारहाण किंवा धमकी असलेल्या घरांना ही समजुतीची वाट लागू नाही. तेथे पोलिसांचे आणि कायद्याचे साहाय्य घेण्यात अविश्वास नाही.)

आणखी एक. एवढ्या पत्रात तुमचे यजमान आणि दीर कुठेच दिसत नाहीत. आई त्यांची आहे. आठवड्यातील निदान चार रात्री त्या दोघांनी वाटून घ्याव्यात, हे जावेशी बोलण्याच्या आधीच यजमानांना स्पष्ट सांगा, आणि ते कुरकुरले तर हा अंक त्यांच्यापुढे ठेवा.