ब्रांच फुटली कुठून?

प्रश्न : दादा, आम्ही देवगडात तिघं मिळून आंबा बागायतदारांसाठी पेट्यांच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर बनवतो, कोडमधल्या बदलांची नोंद गिट या साधनात ठेवतो. सीझनच्या आधी रिलीजची वेगळी ब्रांच, म्हणजे कोडची वेगळी फांदी, काढतो, पुढचं काम मेनवर, म्हणजे मुख्य फांदीवर, चालू राहतं. मेनमधलं दोनतीनदा त्या ब्रांचमध्ये मर्ज पण केलंय, म्हणजे मिसळलंय. आता बिलात एक चूक सापडली, ती आणणारा कमिट (नोंदवलेला बदल) ब्रांच काढायच्या आधीचा की नंतरचा तेच कळत नाही. ब्रांच कुठून फुटली हे गिट का दाखवत नाही?
– एक वाचक, देवगड

उत्तर : कारण गिट ते लिहूनच ठेवत नाही. गिटमधली ब्रांच म्हणजे शेवटच्या कमिटकडे बोट दाखवणारं नुसतं एक नाव, कमिट वाढला की नाव पुढे सरकतं, सुरुवात कुठली ती त्यात नसतेच. सबव्हर्जन या जुन्या साधनात ब्रांच ही कॉपी असायची, त्यामुळे लॉगला (कमिटांच्या यादीला) स्टॉप-ऑन-कॉपी हा पर्याय लावला की जिथनं फुटली तिथे येऊन थांबायचा. गिटच्या रिफ्लॉगमध्ये, म्हणजे ब्रांचचं नाव कधी कुठे सरकलं त्या वहीत, असते नोंद, पण ती फक्त ज्या मशीनवर ब्रांच काढली तिथेच, आणि साधारण 90 दिवसांनी जाते.

मर्ज-बेस, म्हणजे दोन ब्रांचचा सामाईक कमिट शोधणारी कमांड, चालवून बघितलं असेल तर त्यावर विसंबू नका. मेनमधनं मर्ज केलं की तो शेवटच्या मर्जची जागा दाखवतो, मूळची नाही. त्यापेक्षा दोन्ही ब्रांचचा लॉग फर्स्ट-पॅरेंट लावून, म्हणजे मर्जमधून आलेले कमिट वगळून, काढा आणि दोन्हीत असलेला सगळ्यात नवा कमिट शोधा, फास्ट-फॉरवर्ड मर्ज (मर्जचा वेगळा कमिट न बनता नाव नुसतं पुढे सरकतं ते) नसतील तर बहुतेक वेळा तीच जागा निघते.

ती मिळाली की लगेच तिथे अॅनोटेटेड टॅग, म्हणजे मेसेजसकट न हलणारी खूण, मारा, जुन्या कमिटवरही मारता येतो. साधा टॅग नको, त्यात मेसेज राहत नाही आणि मला तर मेसेजच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: ब्रांच कशासाठी काढली, कोणी काढली, कुठलं अर्धवट काम मुद्दाम बाहेर ठेवलं, हे सगळं लिहा, कारण पुढच्या सीझनला हे तिघांपैकी एकालाही आठवणार नाही. जीसीसी हा कंपायलर (कोडचं चालणाऱ्या प्रोग्राममध्ये रूपांतर करणारं सॉफ्टवेअर) बनवणारे हेच करतात, एका व्हर्जनची ब्रांच फुटून मेनवर पुढच्याचं काम सुरू होतं तिथे ते बेसपॉइंट्स या नावाखाली टॅग ठेवतात.

मग चूक आणणाऱ्या कमिटवर गिट टॅग कंटेन्स चालवा, तो कमिट ज्यांच्या इतिहासात आहे त्या टॅगची यादी ही कमांड दाखवते. यादीत हा टॅग आला तर चूक आधीची, नाही आला तर नंतरची. आणि हो, टॅग नेहमीच्या पुशबरोबर (कोड सामाईक सर्व्हरवर पाठवण्याबरोबर) आपोआप जाईल असं धरू नका, नाव देऊन वेगळा पुश करा, नाहीतर बाकी दोघांना तो दिसणारच नाही.