लेसोथोत सहाजणांनी गाडीने फिरायला साधी कार चालेल का?

सानी पास, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतून लेसोथोत चढणारा घाट, करायचा नसेल तर चालेल. राजधानी मासेरूहून सेमोंकाँग गावापर्यंत आणि माफिका लिसिऊ घाटातून (3090 मीटर) कात्से धरणाकडे डांबरी रस्ता आहे. सानी पासला मात्र दक्षिण आफ्रिकेच्या चौकीवर फोर-बाय-फोर नसेल तर वर सोडतच नाहीत, आणि ते योग्यच आहे: 2876 मीटरपर्यंत चढणारी खडबडीत वळणं बघून आपला वरंधा घाट गुळगुळीत वाटेल! संध्याकाळी चौकी बंद होते, म्हणून सकाळीच चढा.

सहाजण आणि सामान एका गाडीत कोंबू नका, दोन गाड्या घ्या. घाटात एक अडकली तर दुसरी असते. गाडी दक्षिण आफ्रिकेतून भाड्याने घेतलीत तर सीमा ओलांडायचं परवानगीपत्र आधीच मागून घ्या. परत तिथेच यायचं असल्याने दक्षिण आफ्रिकेचा व्हिसाही एकाहून जास्त प्रवेशांचा हवा. दक्षिण आफ्रिकेचा रँड लेसोथोत सगळीकडे चालतो, तिथल्या चलनाची, लोटीची, किंमत तेवढीच. मात्र उरलेले लोटी सीमेपलीकडे कोणी घेत नाही, लेसोथोतच संपवा.

अंतरं नकाशावर फसवतात. शंभर किलोमीटरला तीन तास धरा, अंधारात चालवू नका. रस्त्यावर मेंढरं असतात. जून ते ऑगस्ट बर्फ पडू शकतो.

वेळ कमी असेल तर कात्से सोडा, पण सेमोंकाँगजवळचा 192 मीटरचा मालेत्सुन्याने धबधबा सोडू नका.