स्क्वॉड लीडर अमेरिकेतून मागवताना: पार्सल, हरवलेले काउंटर आणि पुढचे भाग

तुमचा प्रश्न वाचून पोटात गोळाच आला. जुना स्क्वॉड लीडर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धावरचा बोर्डगेम, अमेरिकेतून घेतला, पार्सल कस्टममध्ये अडकलंय, विक्रेता आता सांगतोय की काही काउंटर (पुठ्ठ्याच्या छापील सोंगट्या) कमी आहेत, आणि पुढचे तीन भागही घ्यावेत का असं तुम्ही विचारताय. मी यातूनच गेलोय, म्हणून आधी पार्सलचं बोलतो.

विक्रेत्याने फॉर्मवर काय लिहिलंय ते आजच विचारा. माझ्या विक्रेत्याने नुसतं ‘टॉय’ लिहिलं होतं. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. झालं! १९७७ साली निघालेल्या आणि कधीच छपाई बंद झालेल्या युद्धखेळासाठी माझ्याकडे ते प्रमाणपत्र मागितलं गेलं. कार्यालय कुठलं ते लिहीत नाही. फोन केला की ‘ऑनलाइन टाका’, ऑनलाइन टाकलं की ‘प्रत्यक्ष या’, गेलं की ‘साहेब जागेवर नाहीत’. डब्याचे फोटो दिले, नियमपुस्तिकेची पानं दिली, कुणी वाचलीसुद्धा नाहीत. तिकडे गोदामाचं भाडं चढत होतं. शेवटी पार्सल परत गेलं. खेळाचे पैसे विक्रेत्याने दिले, बाकीचा खर्च बुडाला. कुणी एकदा डबा उघडून बघितला असता तर जागेवर मिटलं असतं, याचा राग अजून जात नाही.

बोर्डगेम कस्टमच्या वर्गवारीत ९५०४ क्रमांकाच्या शीर्षकात येतात, खेळणी ९५०३ मध्ये. विक्रेत्याकडून ‘वापरलेला छापील बोर्डगेम, प्रौढांसाठी’ असं स्पष्ट लिहिलेलं, खऱ्या किमतीचं दुरुस्त इनव्हॉइस मागवा आणि कुरिअरला लेखी पाठवा. ‘गिफ्ट’ लिहायला अजिबात सांगू नका, भेटवस्तूंची शुल्कमाफी २०१९ च्या अखेरीस गेली. मी कस्टम एजंट नाही आणि नियम बदलत राहतात, त्यामुळे आजची स्थिती एखाद्या एजंटकडून तपासून घ्या. माझा आताचा डबा भाच्याने येताना बॅगेतून आणला. तिकडून कुणी येणार असेल तर तोच मार्ग बरा.

काउंटरचं म्हणाल, तर कुठले कमी आहेत त्यावर सगळं अवलंबून. खुणेचे काउंटर पुठ्ठ्याचे कापून घेतले तरी चालतात. स्क्वॉड (सैनिकांची तुकडी) आणि लीडर (त्यांचा म्होरक्या) मात्र पूर्ण हवेत. काउंटरवर आकडे छापलेले असतात: जर्मन ४-६-७ म्हणजे मारा ४, पल्ला ६ हेक्स (नकाशावरची षटकोनी घरं), मनोधैर्य ७. रशियन सबमशिनगनवाले ६-२-८: मारा जबर, पण पल्ला २ हेक्स, म्हणजे ८० मीटर. स्टालिनग्राडच्या पहिल्या सिनॅरिओत (ठरवून दिलेल्या लढाईत) सगळी मजा याच फरकात आहे. रशियनाला रस्ता ओलांडून जर्मनाच्या अंगावर जावंच लागतं, आणि समोरचा दगडी इमारतीत असेल तर मारा करणाऱ्याच्या फाशांच्या बेरजेत ३ वाढतात, आणि बेरीज जितकी मोठी तितका मारा फुकट. मारा करणाऱ्यांच्याच हेक्समध्ये ९-१ लीडर असला की १ कमी होतो. तेवढ्या एकाने डाव फिरताना मी पाहिलाय.

पुढचे भाग? माझं स्पष्ट मत: घेऊ नका. क्रॉस ऑफ आयर्न (१९७८), क्रेसेंडो ऑफ डूम आणि जीआय: अँव्हिल ऑफ व्हिक्टरी (१९८२) मूळ डब्याशिवाय चालत नाहीत, आणि प्रत्येकाने आधीचे नियम बदलले. हा गुंता इतका वाढला की १९८५ ला अ‍ॅडव्हान्स्ड स्क्वॉड लीडर नव्या नियमांनिशी काढावा लागला. रणगाड्यांचं फारच वेड असेल तर क्रॉस ऑफ आयर्नपर्यंत जा. काहींना हे पटणार नाही, पण आधी मूळ डब्यातले १२ सिनॅरिओ खेळून बघा. जुने नकाशे पुढेमागे अ‍ॅडव्हान्स्डला चालतात, जुने काउंटर नाही. आणि पावसाळ्यात नकाशे आडवे, वजनाखाली ठेवा. पुठ्ठा फुगला की परत बसत नाही.

फॉर्मवरचा मजकूर आणि नसलेल्या काउंटरची यादी पाठवा, नाव-पत्ता झाकून. यादीतले स्क्वॉड माझ्याकडे जास्तीचे असतील तर देतो.